दोन हजार एकशे चाळीस दाखले

३ जानेवारी

प्रिय खारू,

मावशी, म्हणजे तुझी आई, गेली त्यानंतर आपण एकमेकींशी धड बोललो नाही, त्याला आठ वर्षं झाली. फोन तू उचलत नाहीस आणि संस्थेच्या ईमेलवरून हे लिहायचं नाही, म्हणून पत्र. हाताने लिहायची सवय मोडली आहे, अक्षर चालवून घे.

मुद्द्याचं सांगते. आमचे संचालक एप्रिलमध्ये निवृत्त होताहेत. त्या खुर्चीसाठी तिघांची नावं पुढे गेली आहेत, त्यात माझं आहे. निवड समितीने प्रत्येकाच्या कामाचा लेखाजोखा मागवलाय. माझे पेपर एकशे बारा. इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत त्यांचे दाखले दिले ते सहा हजार आठशेच्या वर, आणि त्यातले दोन हजार एकशे चाळीस एकट्या एकशे चारच्या पेपरचे. तुला आठवत असेलच. झाडाच्या सालीतून काढलेला एकशे चार नंबरचा पदार्थ यकृतातल्या त्या एन्झाइमला थांबवतो, हे दाखवणारा आपला पेपर. माझं नाव लोकांना ठाऊक आहे ते त्याच्यामुळे.

समितीला सर्वांत जास्त दाखल्यांच्या पाच पेपरांच्या मूळ वह्या १५ मार्चपर्यंत पाहायच्या आहेत. चार पेपरांच्या मिळाल्या. एकशे चारची सात नंबरची वही मिळत नाही. निळा कापडी पुठ्ठा, आत सगळं तुझं अक्षर. लहानपणी तू बसची तिकिटंसुद्धा साठवून ठेवायचीस, उगाच नाही खारूताई नाव पडलं. चुकून तुझ्या सामानात गेली का, बघशील?

बाकी ठीक. चौथ्या वर्षाची एक विद्यार्थिनी डोक्याला ताप झाली आहे. एकशे चारवर पुढचं काम दिलंय, तर तिला पहिलाच प्रयोग जमत नाही. हात जड आहे तिचा. तुझ्यासारखा हात मला परत कुणाचा मिळाला नाही.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. आमच्या ह्यांनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि काही न बोलता ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. जेवण होईपर्यंत मी ते फोडलं नाही.

"आपला पेपर" लिहिलंस. मी तो काढून परत बघितला. नावं चार. तुझं, आपल्या तेव्हाच्या विभागप्रमुख सरांचं, आणि आणखी दोघांचं, त्यातल्या एकाने फक्त त्याचं यंत्र वापरू दिलं होतं. माझं आहे शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, "तांत्रिक मदतीबद्दल आभार". तिथेही आडनाव चुकलेलं.

वही माझ्याकडे नाही.

मी बरी आहे. शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं झाली. रोज साठ बाटल्या येतात. नळाचं पाणी, टाक्यांचं, शाळांचं, दवाखान्यांचं. इथे कुणी कुणाचे दाखले देत नाही. पाणी पिण्याजोगं आहे की नाही एवढं लिहायचं आणि खाली सही करायची. सही माझी असते, स्पेलिंग बरोबर असतं. उन्हाळ्यात काम दुप्पट होतं, पण आमचे साहेब भले आहेत, आणि कामाची बाकं खिडकीशी आहेत, त्यामुळे दिवसभर उजेड असतो.

त्या मुलीला नक्की काय जमत नाही? एन्झाइम तिच्या हातून आधीच मरतंय, की एकशे चार घातल्यावरही ते चालूच राहतंय? दोन्हींत फरक आहे. आणि हात जड आहे हे कुणी ठरवलं?

खारू


२१ जानेवारी

खारू,

वही तुझ्याकडे आहे. "नाही" एका ओळीत आटपलंस आणि पुढे उजेडापर्यंत सगळं लिहीत बसलीस. मी तुला तू चार वर्षांची असल्यापासून ओळखते.

मीही सगळं सांगितलं नव्हतं. समितीने वह्या उगाच मागवलेल्या नाहीत. दुसऱ्या एका संस्थेतल्या संशोधकाने मासिकाच्या संपादकांना कळवलंय, की एकशे चारचा प्रयोग दोन वर्षं करून त्याला एकदाही जमला नाही. संपादकांनी मला विचारलं आणि कुजबुज समितीपर्यंत पोचली. वही दाखवली की विषय मिटतो. नाही दाखवली तर आकडे बनवलेले होते असं म्हणायला लोक टपलेलेच आहेत.

मुलीचं विचारलंस. परवाच्या बैठकीत मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "किती वेळा केलंस?"

"सत्तावीस वेळा, मॅडम."

"आणि?"

"एन्झाइम थांबत नाही. एकशे चार कितीही घातलं तरी चालूच राहतं."

"दोन हजारांवर लोकांनी या पेपरचा दाखला दिलाय. ते सगळे खुळे आणि तू एकटी शहाणी?"

तिने मान खाली घातली. मग पुटपुटली, "त्यांतल्या कितींनी करून पाहिलंय, मॅडम?"

मी बैठक तिथेच संपवली. तिला सांगून टाकलंय, मार्चअखेर जमलं नाही तर पीएचडीचा नाद सोड, एम.फिल. घे आणि मोकळी हो.

तुझ्या मनात काय सलतंय ते मला कळतं. तुझं नाव राहिलं, ते चूक झालं. मासिकाला लिहून पाचवं नाव घालून घेता येतं. मी घालते. वही पाठव.

ताई


३० जानेवारी

ताई,

"तुझं नाव राहिलं, ते चूक झालं." या एका वाक्यासाठी मी एकवीस वर्षं थांबले होते. ते आलं आणि असं आलं, वहीच्या बदल्यात.

हो, वही माझ्याकडे आहे. नोकरी सोडली त्या दिवशी मी ती रागाने पिशवीत टाकली. वाटलं, चार दिवसांत शोधत येशील. तू आली नाहीस. पेपर छापून झाला होता, वहीचं कुणाला काय पडलं होतं.

पण मी ती पाठवणार नाही. माझं नावही कुठे घालू नकोस. वही तिथे पोचली तर नुकसान तुझंच आहे. हरवली म्हणून सांग. इमारत बदलताना वह्या हरवतात, सगळ्यांना माहीत आहे.

आणि त्या मुलीला काढू नकोस. एवढं ऐक माझं.

खारू


५ फेब्रुवारी

खारू,

"नुकसान तुझंच आहे." हे वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन हिंडतेय. धमकी देणारा निदान काय हवंय ते तरी सांगतो. तू तेही सांगत नाहीस. उरलेल्या दोन उमेदवारांपैकी कुणी तुला गाठलंय का? आणि माझ्या विद्यार्थिनीची एवढी काळजी तुला कशी? तिने तुला काही लिहिलंय का? खरं सांग.

तुला नोकरी मी लावली होती. पिपेट धरायला मी शिकवलं. माझ्याच पेपरचा गळा धरायला नव्हतं शिकवलं.

रविवारी साडेदहाच्या गाडीने येतेय. घरी राहा.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तू आलीस तेव्हा मी घरातच होते. आतल्या खोलीत, दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते.

तू ह्यांना विचारलंस, "कुठे गेली ती?"

"कामावरून बोलावणं आलं."

"रविवारी?"

"पाण्याला रविवार नसतो," हे म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही त्यांना, लगेच चहा ठेवायला उठले.

तासभर बसलीस तू. उठताना म्हणालीस, "तिला सांगा, तीस वर्षं मी दुसरं काहीच केलेलं नाही. एवढंच केलंय." तुझा तसा आवाज मी तुझ्या आईच्या आजारपणातही ऐकला नव्हता. तेव्हाच दार उघडायला हवं होतं. उघडलं नाही. म्हणून आता लिहिते.

पान एक्केचाळीस बघ. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, "प्लांट बंद. पाणी शेजारच्या विभागातून. कॅन." आपला डिस्टिलेशन प्लांट अकरा दिवस बंद होता, आठवतं? मी शेजारून डिस्टिल्ड पाणी आणत होते. आपली काचेची मोठी बाटली फुटलेली, म्हणून बागेच्या माळ्याकडचा कोरा कॅन मागून घेतला. जस्ती पत्र्याचा. तीनदा विसळला आणि त्यात पाणी भरून ठेवलं. एकशे चारचं द्रावण त्या पाण्यात केलं, दोन महिने पुरेल एवढं, आणि गोठवून ठेवलं. ज्या नळ्यांत एकशे चार घालायचं नव्हतं, त्या तुलनेच्या नळ्यांत मात्र जुनं पाणी घातलं. काचेच्या लहान बाटलीत तेवढं उरलं होतं.

आता बघ. जिथे एकशे चार, तिथे जस्त. एकशे चार वाढवलं की जस्तही वाढलं. आलेख इतका देखणा आला की सर नाचायचेच बाकी होते. एन्झाइम थांबत होतं ते कॅनच्या जस्ताने. एकशे चार बिचारं नुसतं सोबतीला होतं.

मला हे कळलं नऊ वर्षांपूर्वी. एका इमारतीच्या नव्या जस्ती टाकीची तक्रार आली होती. मी पाण्यातलं जस्त मोजलं, आकडा बघितला आणि माळ्याचा तो कॅन आठवला. दुसऱ्या दिवशी तसाच एक कोरा कॅन आणला, डिस्टिल्ड पाणी भरून दोन दिवस ठेवलं आणि मोजलं. लिटरला चार मिलिग्रॅम.

आई गेली तेव्हा तू आठ दिवस राहिलीस. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. एकदा तू फोनवर कुणाला तरी म्हणत होतीस, "दाखले बाराशेच्या वर गेले." मी कपडे वाळत घालायला निघून गेले.

वही दडवली ती तुला छळायला नाही. चूक माझी, तीही माझ्याच अक्षरात. तुझं सगळं जाईल आणि मग तू मला कायमची टाकशील, ही भीती होती.

वही यासोबत रजिस्टरने पाठवतेय. जाळायची तर जाळ, मी तोंड उघडणार नाही. पण त्या मुलीचा हात जड नाही, ताई. तेवढं तिला सांग.

खारू


२६ फेब्रुवारी

ताई,

पोचपावती येऊन आठ दिवस झाले. तिच्यावर तुझीच सही आहे. मग गप्प का?

काल दोनदा फोन केला. तुझ्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम लॅबमध्ये आहेत, कुणाला आत सोडू नका म्हणाल्यात." बरी आहेस ना? एक ओळ लिही. शिव्या दे हवं तर, पण लिही.

खारू


६ मार्च

प्रिय खारू,

उशीर झाला. पहिले चार दिवस मी वही टेबलावर ठेवून नुसती बघत होते.

त्या चार दिवसांत मनात काय आलं तेही लिहिते, म्हणजे तुला मी कोण आहे ते कळेल. ओळ पेन्सिलीची आहे. समितीतले लोक आकडे बघतील, कोपरे बघणार नाहीत. मी खोडरबर हातात घेतलं. कागदाला लावलंही. "कॅन"मधला "कॅ" जरा पुसट झालाय, बघशील तेव्हा दिसेल.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. ती मुलगी होती, हातात एम.फिल.चा अर्ज. मार्चअखेरपर्यंतसुद्धा थांबली नव्हती. "मॅडम, सही हवी होती." टेबलावर खोडरबर, वही उघडी, आणि समोर ही. मी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हटलं, "ॲप्रन घाल. एक प्रयोग करायचाय."

त्या दिवशी नुसती तयारी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बसलो. एकशे चार घेतलंच नाही. नुसतं जस्त, तुझ्या चार मिलिग्रॅमच्या प्रमाणात. तिने मोजलं, मी लिहिलं. दुपारी दोनला आलेख हातात आला. पेपरातला आलेख छापून घेतला, दोन्ही एकावर एक धरून खिडकीशी नेले. रेघ रेघेवर बसली. मग जस्ताला धरून ठेवणारं द्रव्य घातलं आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागलं. आठवडाभर हेच परत परत केलं. प्रत्येक वेळी तेच.

मी तिला पान एक्केचाळीस दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

"म्हणजे माझा हात..."

"हात चांगला आहे तुझा."

मला वाटलं रडेल, नाहीतर हसेल. तिने नळ्या गोळा केल्या, ट्रेमध्ये ठेवल्या, नळ सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, "चार वर्षं, मॅडम."

नंतर तिने मला एक यादी दिली. दाखले देणाऱ्या दोन हजार एकशे चाळीस लेखांतून तिने एकेक तपासून काढली होती. प्रयोग खरोखर करून पाहणारे सतरा. बाकीच्यांनी प्रस्तावनेत एका ओळीत उल्लेख करून पुढचा रस्ता धरलेला. सतरांपैकी सहांनी निकाल मोघम लिहिला होता, अकरांना जमलंच नव्हतं, आणि अकराही जणांनी दोष स्वतःच्या मालाला दिला होता.

आता माझं ऐक. तू नऊ वर्षं गप्प राहिलीस म्हणून झुरतेस. पेपर आल्यावर तिसऱ्या वर्षी मी स्वतः तो प्रयोग परत केला होता. सहा वेळा. एकदाही जमला नाही. पदार्थ जुना झाला असेल असं वाटलं, आणि मग तसंच वाटून घेतलं. तोवर चारशे दाखले झाले होते, नवी प्रयोगशाळा मिळाली होती. ते कागद मी खालच्या खणात टाकले आणि तो प्रयोग परत स्वतःच्या हाताने केला नाही. विद्यार्थ्यांना दिला. या मुलीच्या आधी दोघांना. त्यांचेही हात मी जडच ठरवले. त्यांतला एक सगळं सोडून गेला. कुठे आहे, माहीत नाही.

तेव्हा कोण कुणाला टाकेल, हा प्रश्न मी तुला विचारायला हवा.

नऊ दिवस उरलेत. पेपर मागे घेतला तर खुर्ची गेली, आणि तीस वर्षांचं बाकीचं कामही लोक भिंगातून बघतील. सरांना फोन केला. ते म्हणाले, "मी असेपर्यंत तरी नको. पुढे काय ते कर." माझं अजून ठरत नाही.

ताई


९ मार्च

ताई,

टाकणार नाही. ते एवढ्यावरच.

पण त्या दोघांचं वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात चार फेऱ्या मारून आले. मी वही दडवली ती भीतीने, तूही कागद दडवलेस ते भीतीने, पण आपल्या दोघींच्या भीतीचा भार उचलला त्या पोरांनी. त्यांना तर माहीतही नव्हतं.

माझ्या कामात एक बरं असतं. पाणी वाईट निघालं की आधी नळ बंद करायचा. टाकी कुणाची, माणूस केवढा, ते मागाहून. सरांचं वय झालंय हे खरं, पण नळ चालू आहे. पेपर मागे घे.

आणि मागे घेतल्याची जी सूचना छापतात, तिच्यात माझं नाव लिही. द्रावण कुणी केलं, कॅन कुणी आणला, ते नावानिशी. मला ते हवंय.

खारू


१५ मार्च

प्रिय खारू,

झालं. परवा मासिकाला पेपर मागे घेत असल्याचं कळवलं आणि आज समितीसमोर वही ठेवून सगळं सांगितलं. पाच जण होते. वही हातोहात फिरली. मग अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, वही हरवली म्हणाला असतात तरी चाललं असतं हो." चांगल्या मनाने म्हणाले, तेच जास्त लागलं. मी वही उचलली आणि बाहेर आले. 

सूचनेत लिहिलंय, "एका साहाय्यकाने तयार केलेल्या द्रावणात जस्ताचा अंश होता. संपूर्ण जबाबदारी मुख्य लेखिकेची." तुझं नाव मी घातलेलं नाही. यशात वाटा दिला नाही, तर चुकीत कुठल्या तोंडाने देऊ? एवढं तरी तुझ्यासाठी करू दे.

मुलीचा एम.फिल.चा अर्ज मी फाडायला घेतला, तर ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, मी फाडते."

तुझी,
ताई


२३ मार्च

ताई,

"एका साहाय्यकाने."

एकवीस वर्षांपूर्वी तू मला न विचारता पुसलंस. आता न विचारता झाकलंस. मी काय मागितलं होतं? साधं, सरळ, मराठीत लिहिलं होतं. तू ते वाचलंस, आणि तुला वाटलं, बिचारीला कळत नाही, आपण सांभाळून घेऊ.

पान एक्केचाळीसवरची चूक माझी आहे. पण ती ओळ लिहून ठेवणारीही मीच आहे. कुणी सांगितलं नव्हतं लिहायला. पाणी बदललं, तर पाणी बदललं असं लिहायचं, म्हणून लिहिलं. ती ओळ नसती तर तू जन्मभर खालच्या खणाकडे बघत बसली असतीस. त्या अख्ख्या प्रकरणात कुणीतरी केलेली ती एकच धड गोष्ट आहे, आणि तीसुद्धा "एका साहाय्यकाने" केली.

सांभाळून घेणं पुरे झालं. यापुढे पत्र लिहू नकोस.

खारू


१८ डिसेंबर

प्रिय खारू,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून नऊ महिने लिहिलं नाही. आज दोन गोष्टी कळवायच्या आहेत. नंतर पत्र फाडलंस तरी चालेल.

पहिली. मासिकाशी सहा महिने भांडून सूचना बदलून घेतली. छापलेला अंक सोबत आहे. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, आडनाव चार वेळा तपासलंय. द्रावण तू केलंस हे आहे, आणि पाणी बदलल्याची नोंद त्याच दिवशी तू वहीत केली होतीस, त्या नोंदीमुळेच चूक सापडली, हेही आहे. संपादक म्हणत होते, सूचनेत एवढा तपशील देत नाहीत. मी म्हटलं, या वेळी द्या.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. माणूस वाईट नाही. माझी एक खोली त्यांनी काढून घेतली, उरलेल्या दोन पुरतात. माझ्या बाकीच्या पेपरांची तपासणी अजून चालू आहे. गंमत म्हणजे पेपर मागे घेतल्यावरही आणखी अकरा जणांनी त्याचा दाखला दिलाय. अकराही जणांना मी पत्रं घातली. दोघांची उत्तरं आली. सोडून गेलेल्या त्या विद्यार्थ्याचाही पत्ता शोधला. तो आता यंत्रं दुरुस्त करतो. त्याला चार पानं लिहिली. उत्तर नाही, आणि मी वाट बघायची नाही असं ठरवलंय.

दुसरी गोष्ट मुलीची. एप्रिलमध्येच तिने मार्गदर्शक बदलला. समोरच्या दारातले प्राध्यापक. मला येऊन सांगितलं, कारण दिलं नाही, मीही विचारलं नाही. जस्ताचं काम तिने त्यांच्याकडे पूर्ण केलं. ती तुझ्याकडे येऊन गेली, दोन दिवस राहिली, तुझ्या बाकावर बसून कॅनच्या पाण्यातलं जस्त मोजलं, हे मला तिच्या प्रबंधातून कळलं. वाचताना बरं वाटलं, आणि मला कुणी सांगितलं नाही हेही वाटलं.

काल तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. कुणालाही बसता येतं, म्हणून मी गेले. मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. ती छान बोलली. ठाम, न अडखळता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "जस्ताचा संशय तुम्हाला कशावरून आला?" तिने तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव. नंतर त्यांनी विचारलं, "सत्तावीस वेळा उत्तर नाही आलं. मग मूळ पेपरच चुकला असेल असं चार वर्षांत एकदाही वाटलं नाही?"

ती थांबली. पहिल्यांदाच. मग म्हणाली, "मला वाटत होतं, माझा हात जड आहे."

"असं का वाटत होतं?"

 मी तिथे बसलेय हे तिला माहीत होतं. तिने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायली नाही, तसाच खाली ठेवला. परीक्षक पेन घेऊन वाट बघत होते. माझं नाव ती घेणार नाही हे मला कळलं, आणि ते घेतलं नाही तर उत्तर अर्धवट राहणार, तेही कळलं.

बघणाऱ्यांनी तिथे बोलायचं नसतं. मी उभी राहिले. खुर्ची करकरली, सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

"तसं तिला मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. ते खोटं होतं."

 परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं, अर्धा क्षण, रागही नाही आणि माफीही नाही. मग ती वळली आणि पुढचा आलेख पडद्यावर लावला.

ताई